दोन बोगद्यांमधलं कोबोरो

हाकोदातेहून साप्पोरोकडे निघालेली ‘होकुतो’ एक्स्प्रेस डोंगरातल्या एका बोगद्यातून बाहेर पडते आणि डोळ्यांना उजेडाची सवय होण्याआधीच दुसऱ्यात शिरते. मधे उघडी जागा असते ती सुमारे 80 मीटरची. होक्काइदोच्या तोयोउरा गावाच्या हद्दीतलं कोबोरो स्थानक तेवढ्यात बसलं आहे.

इथे स्टेशनमास्तर नाही, तिकीट खिडकी नाही, प्रतीक्षालय नाही. आसपास वस्तीही नाही. तीन बाजूंना डोंगर, चौथीकडे उचिउरा उपसागर, आणि मोटारीचा रस्ता कुठूनच येत नाही. एक्स्प्रेस गाड्या न थांबता जातात. थांबणाऱ्या लोकल दिवसाकाठी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच, त्यामुळे उतरण्याआधी परतीची गाडी पक्की करावीच लागते.

मग स्थानक बांधलं तरी कशाला? कारण युद्धाचं आहे. 1943 साली इथून जाणाऱ्या मुरोरान मार्गावर कोळशाच्या मालगाड्यांची गर्दी वाढली होती आणि रूळ एकेरी होता. समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट देता यावी म्हणून डोंगरातल्या या फटीत सिग्नल ठाणं उभारलं गेलं. रेल्वेची माणसं इथे राहत, खालच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारी काही घरंही होती. पुढे मार्ग दुहेरी झाला आणि क्रॉसिंगचं काम संपलं. माणसंही हळूहळू निघून गेली. गंमत अशी की कोबोरोला रीतसर प्रवासी स्थानकाचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, 1987 साली, जपानची सरकारी रेल्वे मोडून जेआर कंपन्या झाल्या तेव्हा.

कर्मचाऱ्यांविना तिकिटाचा व्यवहार चालतो कसा, तर तो सगळा गाडीतच उरकतो. डब्यात गार्ड नसतो. चढताना दाराजवळच्या यंत्रातून क्रमांक छापलेली चिठ्ठी घ्यायची. उतरताना चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर आपल्या क्रमांकाचं भाडं पाहायचं आणि चिठ्ठीसह पैसे पेटीत टाकायचे. जपानच्या ग्रामीण भागात अशी कर्मचारीविरहित स्थानकं ठिकठिकाणी आहेत, आणि ती या साध्या, विश्वासाच्या पद्धतीवर टिकून आहेत.

स्थानकापासून पायवाटेने किनाऱ्याकडे उतरलं की एका गुहेत कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेची, मूर्ती आहे. भटके मूर्तिकार भिक्षू एन्कू यांनी ती 1666 साली कोरली, असं मानतात. लोक तिला बिनशिराची कान्नोन म्हणतात. अस्वलाच्या तावडीतून सुटण्यासाठी एक साधू मूर्तीमागे लपला आणि अस्वलाने मूर्तीचंच डोकं चावून नेलं, अशी कथा आहे. म्हणजे आगगाडीच्या कितीतरी आधीपासून या दुर्गम किनाऱ्यावर माणसं मुद्दाम येत होती.

आजही येतात. दुर्गम स्थानकांवर पुस्तकं लिहिणारे ताकानोबू उशियामा यांनी आपल्या क्रमवारीत कोबोरोला वर्षानुवर्षं पहिलं स्थान दिलं आणि रेल्वेवेड्यांची पावलं इकडे वळली.

मार्ग चालवणाऱ्या जेआर होक्काइदोला मात्र हे स्थानक परवडत नव्हतं. 2015 मध्ये कंपनीने कोबोरो बंद करण्याचा विचार तोयोउराला कळवला. कंपनीची अडचण खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी आपल्या जाळ्यातले 1,237 किलोमीटर मार्ग एकट्याने चालवणं अशक्य असल्याचं तिने जाहीर केलं. पण तोयोउराने हार मानली नाही. एकही मतदार न राहणारं स्थानक या छोट्या गावाने आपलं मानलं आणि 2016 पासून देखभालीचा खर्च उचलला. हा निर्णय कौतुकाचा आहे, कारण तो एकदाच घेऊन भागत नाही: करार वर्षापुरता असतो, आणि दरवर्षी गावाला तो नव्याने करावा लागतो.