पंचवीस अंशांचा खरेपणा

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालून आलेल्या ऑप्टिकल फायबरच्या अनेक केबली लागतात. केसाएवढ्या काचतंतूतून लेसरच्या अनेक तरंगलांबी शेजारीशेजारी धावतात आणि प्रत्येकीवर वेगळा संदेश स्वार असतो. सगळ्या १५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. १०० गिगाहर्ट्झच्या आखणीत दोन शेजारणींमधले अंतर जेमतेम ०.८ नॅनोमीटर असते. अशा कामाच्या, एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणाऱ्या डीएफबी लेसरची तरंगलांबी दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.१ नॅनोमीटरने सरकते. लेसर आठ अंशांनी तापला, की तो थेट शेजाऱ्याच्या घरात शिरतो. त्याला आपल्या घरात ठेवण्याचे काम तापमान नियंत्रकाचे. या पेटीच्या पडद्यावर २५.०० हा आकडा तासन्‌तास हलत नाही, तेव्हा आपण निर्धास्त होतो. पण न हलणारा आकडा खरा असतोच असे नाही. कॅलिब्रेशनची सगळी विद्या या एका वाक्यात आहे.

घड्याळजीची देणगी

झाँ पेल्टिए हा फ्रेंच गृहस्थ मूळचा घड्याळजी. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांतून वीज गेली की एक सांधा थंड आणि दुसरा गरम होतो, हे त्याने १८३४ साली दाखवले. चार वर्षांनी लेंझ या भौतिकशास्त्रज्ञाने बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याच्या थेंबाचे बर्फ केले आणि प्रवाहाची दिशा उलटवून ते वितळवले. आज लेसरच्या पोटात त्याच्याच नावाची नखाएवढी पेल्टियर पट्टी बसवलेली असते. तिच्यात बिस्मथ टेल्युराइडचे बारीक ठोकळे असतात. प्रवाह एका दिशेने दिला तर लेसर गार होतो, उलट दिला तर तापतो.

तापमान कळते ते थर्मिस्टर या तापमानानुसार बदलणाऱ्या रोधावरून. २५ अंशांना त्याचा रोध बहुधा १०,००० ओहम असतो आणि तापमान एका अंशाने वाढले की तो सुमारे ४.४ टक्क्यांनी घटतो. नियंत्रक हा रोध मोजतो, हव्या असलेल्या रोधाशी ताडून पाहतो आणि फरकाप्रमाणे पेल्टियरचा प्रवाह कमीजास्त करतो. रोधाचे अंशांत रूपांतर करणारे सूत्र स्टाइनहार्ट आणि हार्ट यांनी १९६८ साली मांडले. ते छापून आले समुद्रविज्ञानाच्या नियतकालिकात.

आधी ओहम, मग अंश

म्हणून कॅलिब्रेशनही दोन पायऱ्यांचे. पहिली पायरी ओहमची. यंत्र चालू करून तासभर स्थिरावू द्यायचे. मग थर्मिस्टरच्या जागी खात्रीचे रोध जोडायचे, समजा ५, १० आणि ३० किलोओहमचे, आणि पडदा काय दाखवतो ते लिहून घ्यायचे. काहीही फिरवण्याआधीची ही नोंद सर्वांत मोलाची, कारण मागच्या वर्षभरातली मापे किती विश्वासाची होती ते तीच सांगते. मग दुरुस्ती, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तीच नोंद. १० किलोओहमवर ०.१ टक्क्याची चूक म्हणजे १० ओहम, म्हणजे अंशाचा सुमारे चाळिसावा भाग. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण १५५० नॅनोमीटरला तेवढ्याने लेसरची वारंवारता सुमारे ०.३ गिगाहर्ट्झने सरकते.

दुसरी पायरी अंशांची. प्रत्येक थर्मिस्टरचे सूत्रातले तीन स्थिरांक वेगळे असतात. लेसर बदलला आणि जुने स्थिरांक तसेच राहिले, तर ओहम बरोबर असूनही अंश चुकतात. शिवाय मोजण्यासाठी सोडलेला प्रवाह थर्मिस्टरलाच किंचित तापवतो. १०० मायक्रोॲम्पियरला १० किलोओहममध्ये ०.१ मिलिवॉट उष्णता तयार होते, म्हणून तो प्रवाहही मोजायचा. ताडण्यासाठी वापरायचे रोध आणि तापमापी ज्या साखळीने तपासलेले असतात, तिचे भारतातले टोक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात तो पाण्याचा त्रिबिंदू, ०.०१ अंश, हा त्या साखळीतला एक भक्कम खुंटा.

दुरुस्तीच्या टेबलावर

बिघडलेल्या पेटीला खरा लेसर कधीच जोडू नये. आधी पेल्टियरच्या जागी एक-दोन ओहमचा जाडजूड रोध लावून प्रवाह दोन्ही दिशांना नीट जातो का ते पाहावे. एका दिशेनेच जात असेल, तर बहुधा दिशा बदलणाऱ्या चार मॉस्फेटपैकी एखादा जळालेला असतो. पडद्यावरचा आकडा थरथरत असेल, तर वीजपुरवठ्यातले सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी तपासावेत.

सर्वांत घातक बिघाड मात्र दिसायला साधे असतात. थर्मिस्टरची तार तुटली की रोध अमर्याद होतो. नियंत्रकाला वाटते, लेसर गोठला. आणि तो पूर्ण ताकदीने तापवू लागतो. पेल्टियरच्या तारा उलट जोडल्या, तर तो गार करायला जातो आणि तापवत सुटतो. पुष्कळ पेल्टियर पट्ट्यांतले सोल्डर १३८ अंशांना वितळते. म्हणून रोधाच्या आणि प्रवाहाच्या मर्यादा ठरवून दिल्याशिवाय यंत्र कोणाच्या हाती देऊ नये.

पेल्टियर स्वतः तपासताना साधा मल्टिमीटर फसवतो. दोन बाजूंच्या तापमानात थोडा जरी फरक असला, तरी पट्टी स्वतःच वीज निर्माण करते आणि वाचन खोटे येते. रोध प्रत्यावर्ती प्रवाहाने मोजावा आणि जुन्या नोंदीशी ताडावा. तो वाढला असेल, तर आत सांधे तडकू लागले आहेत.

पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत यटर्बियम आयनावर चालणारे अतिअचूक घड्याळ उभे राहत आहे, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे. दोन्हींचा आधार लेसरच. लेसरची गरज महाराष्ट्रात वाढतच जाणार. त्या मानाने अशा पेट्या उघडून दुरुस्त करणारे, धीराने मापे घेणारे हात आपण तयार करायला हवेत. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मोडीत काढलेला एखादा नियंत्रक भंगारात देऊ नका. तो विद्यार्थ्यांच्या टेबलावर ठेवा, शेजारी एक खात्रीचा रोध आणि एक वही ठेवा. पहिली नोंद काहीही न फिरवता करायला सांगा.