फेसाचा हिशेब

मुलांनो, आज एका सोप्या प्रश्नाने सुरुवात करू या. समोर दोन बादल्या आहेत. एकीत पांढराशुभ्र फेस काठावरून ओसंडतो आहे, दुसरीत जेमतेम बोटभर फेस आहे. कुठल्या बादलीतले कपडे जास्त स्वच्छ निघतील?

वर्गात हा प्रश्न विचारला की निम्म्याहून जास्त हात पहिल्या बादलीसाठी वर होतात. टीव्हीवरच्या जाहिरातींतही फेसच फेस दाखवतात ना! पण मळ काढणारा फेस नव्हेच बरं का! समोरून दार उघडणाऱ्या धुलाई यंत्रासाठी जी पावडर मिळते, तिच्यात तर फेस कमी व्हावा म्हणून मुद्दाम वेगळी द्रव्यं घातलेली असतात. तरी कपडे निघतातच की स्वच्छ.

मग मळ निघतो कसा? साबणाचा किंवा पावडरीचा एक कण डोळ्यांपुढे आणा. तो आहे टाचणीसारखा, एक डोकं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. आपल्या कॉलरवरचा मळ म्हणजे घामाचा तेलकटपणा आणि त्याला चिकटलेली धूळ. या शेपट्या मळात घुसतात, डोकी पाण्याकडे ओढतात, आणि मळाचा बारीक गोळा कपड्यावरून सुटून पाण्यात तरंगू लागतो. मळ धरायला जेवढे कण लागतात, तेवढे पुरेत. त्याहून जास्त टाकलेले कण नुसतेच बादलीत फिरतात, आणि शेवटी मोरीतून वाहून जातात. तुमच्या घरच्या पैशांसकट!

आता आमच्या जिल्ह्याची गंमत ऐका. गंमत कसली, अडचणच ती! २०२४ पासून आमच्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. बोलताना आम्ही अजून 'नगर'च म्हणतो. जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगा आहेत. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा इथे धो धो पाऊस पडतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, तिथेच आहे. पण ढग डोंगरावर रिकामे होतात आणि पुढच्या पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या वाट्याला थोडाच पाऊस येतो. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, हे तुम्ही भूगोलात शिकला असाल.

पाऊस कमी, म्हणून भिस्त विहिरींवर आणि बोअरवर. जमिनीत आणि खडकांत मुरताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. असं पाणी म्हणजे पुस्तकातलं 'दुष्फेन' किंवा कठीण पाणी, आणि घरातलं 'जड' पाणी. ते ओळखायचं कसं? पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो. डाळ लवकर शिजत नाही. आणि साबण कितीही घासा, फेसच होत नाही! कारण साबण आधी त्या क्षारांशी जुळतो आणि दह्यासारखा चोथा तयार होतो. क्षार संपल्यावरच उरलेला साबण मळाकडे वळतो. धुण्याच्या पावडरीचा असा चोथा होत नाही, म्हणून जड पाण्यात ती साबणापेक्षा बरी. पण क्षार तिचंही थोडं काम अडवतातच.

विश्वास बसत नसेल तर प्रयोग करून पहा. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत अर्धा पेला विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच पावसाचं पाणी. पावसाळा नसेल तर दुकानात इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं शुद्ध पाणी चालेल. (दुकानातली सीलबंद बाटलीच घ्या. बॅटरीतलं पाणी काढू नका, त्यात तेजाब असतं!) अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस दोन्हींत टाका, बूच लावा आणि दहा वेळा हलवा. कुठल्या बाटलीत फेस होतो आणि कुठल्या बाटलीत चोथा, ते वहीत लिहा. जड पाण्यात तुरटी फिरवली तर? तेही करून पहा. गढूळपणा खाली बसेल, पण जडपणा काही जाणार नाही. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी पिंपात धरून धुण्याला वापरलं, तर साबण किती वाचेल ते आता तुम्हीच ओळखा.

आता थोडा इतिहास. भारतात 'सर्फ' ही धुण्याची पावडर १९५९ साली आली. ती महाग होती. साध्या घरांतून वडीचा साबणच चाले. १९६९ मध्ये गुजरात सरकारच्या नोकरीत असलेल्या करसनभाई पटेल या रसायनतज्ज्ञांनी अहमदाबादला आपल्या घराच्या परसात पावडर बनवली. आपल्या मुलीच्या, निरुपमाच्या, नावावरून तिचं नाव ठेवलं 'निरमा'. सायकलवरून दारोदार फिरून ते ती विकत. त्या सुरुवातीच्या काळात नामवंत पावडर किलोला १३ रुपयांच्या आसपास, आणि ही साडेतीनच्या आसपास! पुढे सर्फच्या जाहिरातीत ललिताजी नावाच्या चोखंदळ बाई आल्या. त्यांचं म्हणणं असं, की महाग पावडर निम्मीच पुरते, तेव्हा नुसता भाव पाहू नका.

कोणाचं खरं? इथे आपलं गणित कामाला येतं. पावडर निम्मी पुरली, तरी १३ चे निम्मे साडेसहा. म्हणजे त्या भावाने साडेतीनचीच पावडर स्वस्त पडली असती. पण भावातला फरक कमी असता तर? मग उत्तर उलटंही येऊ शकलं असतं. म्हणून किलोच्या भावापाशी थांबू नका. पाकिटाच्या किमतीला त्यात होणाऱ्या धुण्यांच्या संख्येने भागा. एका धुण्याला किती पैसे पडले, तो खरा भाव!

छोटी पुडी आणि मोठं पाकीट यांचीही एकमान पद्धतीने तुलना करा. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं असं नाही. कधी कधी छोट्या पुड्याच स्वस्त पडतात. हल्ली बहुतेक पाकिटांवर दर ग्रॅमची किंमतही बारीक अक्षरांत छापलेली असते. आधी स्वतः उत्तर काढा, मग ताडून पहा.

आता तुमच्या घरचा हिशेब. समजा, रोजच्या धुण्याला मुठीने अंदाजे ६० ग्रॅम पावडर पडते. महिन्याला झाली १,८०० ग्रॅम. तेच काम चमच्याने मोजून घेतलेल्या ४० ग्रॅममध्ये झालं, तर महिन्याला १,२०० ग्रॅम. वाचली ६०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ७ किलो २०० ग्रॅम. किलोला ७० रुपये धरले तर ५०४ रुपये! शाळा सुरू होताना एवढ्या पैशांत वह्यांचा केवढा गठ्ठा येईल!

पण कमी पावडरीत कपडे निघायला हवेत ना? त्यासाठी या युक्त्या :

१. पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग कपडे टाका. कपडे अर्धा तास भिजू द्या. बादली उन्हात ठेवली तर पाणी कोमट होतं आणि मळ लवकर सुटतो. आपल्याकडे उन्हाला काय तोटा!

२. कॉलर, बाह्यांची टोकं आणि मोजे यांना वेगळा हात मारा. त्यासाठी सगळ्या बादलीत पावडर वाढवू नका.

३. आधी कमी मळके कपडे, मग त्याच पाण्यात मळके, शेवटी पायपुसणं.

४. पाणी फारच जड असेल तर मोठ्या माणसांना विचारून त्यात आधी छोटा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. तो क्षारांना धरतो. मात्र हा खाण्याचा सोडा नव्हे! तो हाताला झोंबतो, लोकरी-रेशमी कपड्यांना चालत नाही, आणि लहान भावंडांच्या हाती लागता कामा नये.

५. स्वेटर आणि शाल यांना रिठा उत्तम. रिठ्याच्या फळात निसर्गाने दिलेला साबणच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जास्त पावडर टाकली की जास्त फेस, आणि तो फेस काढायला जास्त पाणी. पावडर मोजून टाकल्यामुळे कपडे खळबळायला रोज १५ लिटरची एक बादली कमी लागली, तर महिन्याला ४५० लिटर पाणी वाचतं. ज्या गावात चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे ४५० लिटर म्हणजे १५ लिटरचे तीस हंडे. ते कुणाच्या डोक्यावरून घरी येतात, हे तुम्हाला सांगायला नको. पावडरीचे पैसे वाचतात हे बरंच आहे, पण आईच्या किंवा ताईच्या डोक्यावरचा रोजचा एक हंडा उतरतो, हे त्याहून मोठं.

मात्र एवढं वाचून लगेच आईला "तू जास्त पावडर टाकतेस" असं शिकवायला जाऊ नका हं! आधी रविवारी आपला गणवेश आपण धुवा, मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही. पहिल्या रविवारी नेहमीइतकी पावडर घ्या, दुसऱ्या रविवारी एक चमचा कमी, तिसऱ्या रविवारी आणखी एक चमचा कमी. कॉलर नीट निघाली नाही की तिथे थांबा आणि एक चमचा वाढवा. ते तुमच्या गावच्या पाण्याचं माप. शेजारच्या गावचं वेगळं असू शकेल.

ते माप एका जुन्या चमच्यावर खूण करून पावडरीच्या डब्यात ठेवून द्या. नवं पाकीट फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा आणि संपेल तेव्हाही लिहा. दोन पाकिटांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून आईला दाखवा. मग ती मूठ सोडून चमचा घेते का, ते पहा!