औषधात खंड का पडतो?

एच्.आय्.व्ही.चा विषाणू शरीरातून समूळ जात नाही. औषधाने तो दबून राहतो. म्हणून गोळी रोज, ठरल्या वेळी व आजन्म घ्यावी लागते. वारंवार खंड पडल्यास विषाणू त्या औषधाला जुमानीनासा होतो. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकार हे औषध विनामूल्य देत आहे. मग अडते कोठे?

बीदरलगतच्या नौबादहून कामासाठी हैदराबादेस गेलेल्याच्या जवळच्या गोळ्या संपतात, हे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे लाज. घरच्यांपासून डबी लपविणारा मनुष्य पाहुणे आले की गोळी चुकवितो. घरातील एकाला जरी ठाऊक असले, तरी वेळेची आठवण करणारे कोणी राहते. रोग्याच्या संमतीवाचून त्याचा आजार उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. शेजारच्या कुजबुजीला कोण आवरणार! आणि भय तरी कशाचे? नेमाने औषध घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की पतीकडून पत्नीस वा पत्नीकडून पतीस लागण होत नाही.