समुद्रातील शेतीचे कोडे

शेवाळ म्हटले की पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर येणारा निसरडा हिरवा थर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु शेवाळाच्या जाती असंख्य आहेत. त्यांपैकी काही समुद्रात वाढतात आणि माणसाचे अन्नही होतात. जपानातील ‘नोरी’ हे असेच एक तांबूस-जांभळे शेवाळ. ते धुऊन, बारीक चिरून, कागदासारखे पातळ पसरून वाळवितात आणि भाताबरोबर खातात.

जपानी कोळी शेकडो वर्षे नोरीची शेती करीत आले आहेत. परंतु शरद ऋतूत उथळ समुद्रात बांबू रोवावेत, जाळी बांधावीत आणि वाट पाहावी, एवढेच पूर्वी त्यांच्या हाती असे. उन्हाळ्यात हे शेवाळ दिसेनासे होई. मग त्याचे बी आणावे कोठून? एखाद्या वर्षी जाळी भरून जात, तर एखाद्या वर्षी ती रिकामीच राहत आणि घरोघरी पोटाची चिंता उभी राही.

या कोड्याची उकल झाली ती दूर इंग्लंडात. कॅथलीन ड्रू-बेकर या विदुषी मँचेस्टर विद्यापीठात शैवालांचा अभ्यास करीत असत. १९२८ साली त्यांचा विवाह झाला. विवाहित स्त्रीस नोकरीत ठेवावयाचे नाही, असा तेथे त्या काळी नियम होता. त्यामुळे त्यांचे अध्यापकपद गेले. पद गेले, पण जिज्ञासा गेली नाही. वेतनावाचून त्यांनी संशोधन चालूच ठेवले. त्यांच्या पतीने भरती-ओहोटीप्रमाणे पाणी चढणारी व उतरणारी एक टाकी त्यांना करून दिली.

नोरीच्या कुळातील एक शेवाळ ब्रिटनच्या किनाऱ्यावरही उगवते. त्याची बीजुके शिंपल्यांवर पडली, तेव्हा ती शिंपल्यात शिरून सूक्ष्म गुलाबी तंतूंच्या रूपाने वाढू लागली. असे तंतू शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु ती एक निराळीच वनस्पती आहे, असा सर्वांचा समज होता. शेवाळ नाहीसे होत नव्हते. ते वेष पालटून शिंपल्यात राहत होते! हा शोध १९४९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जपानी शास्त्रज्ञांनी तो नोरीला लावून पाहिला. मग कोळी टाक्यांत शिंपले ठेवून त्यांत हे तंतू वाढवू लागले आणि शरद ऋतूत त्यांची बीजुके जाळ्यांवर धरू लागले. दैवाधीन पीक माणसाच्या हाती आले.

ड्रू-बेकर १९५७ साली निवर्तल्या. जपान त्यांनी कधीच पाहिला नाही. तरीही १९६३ साली उतो या गावी, समुद्राकडे तोंड करून, त्यांचे स्मारक उभारण्यात आले. दरवर्षी १४ एप्रिलला तेथे त्यांचे कृतज्ञतेने स्मरण केले जाते. ज्ञानासाठी केलेले श्रम कोणाच्या घरची चूल पेटवितील, हे श्रम करणाऱ्यालाही आधी ठाऊक नसते.