निकाल चुकला की निर्णय? बेसबॉलच्या प्लेऑफ्समधून शिकायची एक गोष्ट

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मागच्या महिन्यात मला विचारलं, "ताई, आपण विषय बरोबर निवडला की नाही, हे कळतं कधी?" मी पटकन बोलून गेले, "निकाल आले की कळतं." घरी जाताना लक्षात आलं की हे उत्तर चुकीचं होतं. का चुकीचं, ते सांगायला मला बेसबॉलचा आधार घ्यावा लागणार आहे. घाबरू नका, क्रिकेट कळत असेल तर एवढं बेसबॉल सहज कळेल.

आधी दोन मिनिटांत खेळ

पिचर म्हणजे आपला बॉलर. त्याने टाकलेला चेंडू बॅटरसमोरच्या एका काल्पनिक चौकटीतून गेला आणि बॅटरने मारला नाही, तर अंपायर 'स्ट्राइक' देतो. चौकटीबाहेरून गेला तर 'बॉल'. तीन स्ट्राइक म्हणजे बॅटर बाद, चार बॉल म्हणजे त्याला पहिला बेस फुकट. नऊ बॅटर ठरलेल्या क्रमाने फिरून फिरून येतात. मॅनेजर सामन्यादरम्यान पिचर बदलू शकतो, पण एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. या शेवटच्या नियमामुळेच प्लेऑफ्समध्ये मॅनेजरचा प्रत्येक बदल चाहत्यांच्या वादाचा विषय होतो.

दोन मॅनेजर, दोन उलटे निर्णय

१६ ऑक्टोबर २००३. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना, न्यू यॉर्क यँकीज विरुद्ध बोस्टन रेड सॉक्स. रेड सॉक्सला १९१८ नंतर विजेतेपद मिळालं नव्हतं. आठव्या इनिंगमध्ये ते ५-२ असे पुढे होते आणि पेड्रो मार्टिनेझ हा त्यांचा हुकमी पिचर शंभर चेंडू टाकून थकत चालला होता. यँकीजने फटके मारायला सुरुवात केली. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेला, पेड्रोशी बोलला आणि त्याला तसाच ठेवून परत आला. स्कोअर ५-५ झाला. अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूनच्या होम रनने बोस्टन बाहेर पडलं. काही दिवसांतच क्लबने लिटलचा करार पुढे न वाढवण्याचं ठरवलं. चाहत्यांचं म्हणणं एकच होतं: पिचरला काढलं का नाही?

आता २७ ऑक्टोबर २०२०. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, टॅम्पा बे रेज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. रेजचा पिचर ब्लेक स्नेल अफाट टाकत होता: ७३ चेंडू, ९ बॅटर स्ट्राइकआउट, फक्त २ हिट. संघ १-० ने पुढे. सहाव्या इनिंगमध्ये एक बॅटर बेसवर पोचला आणि मॅनेजर केव्हिन कॅशने स्नेलला काढलं. आलेल्या निक अँडरसनला मुकी बेट्सने लगेच डबल मारला, दोन धावा गेल्या, डॉजर्सनी सामना ३-१ ने आणि मालिका ४-२ ने जिंकली. इथेही चाहते भडकले: पिचरला काढलं का?

गंमत बघा. एकाने ठेवलं म्हणून तो मूर्ख, दुसऱ्याने काढलं म्हणून तोही मूर्ख. दोन्ही निर्णयांत समान काय, तर फक्त निकाल. आणखी एक गोष्ट: त्याच २०२० च्या हंगामासाठी कॅशला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर हा पुरस्कार मिळाला. त्याचं मतदान प्लेऑफ्सच्या आधीच उरकलेलं असतं.

याला संशोधनात नाव आहे

१९८८ मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी यावर प्रयोग केले. लोकांना एका निर्णयाची हकिकत वाचायला दिली, उदाहरणार्थ धोका असलेली शस्त्रक्रिया करायचं ठरवणारा डॉक्टर. माहिती तीच, धोका तेवढाच, फक्त शेवट वेगळा: कधी रुग्ण वाचला, कधी दगावला. रुग्ण वाचला की लोकांनी निर्णयाला जास्त गुण दिले, दगावला की कमी. खरं तर शेवट काय होणार हे डॉक्टरला निर्णय घेताना माहीत असणं शक्यच नव्हतं. निकालावरून निर्णय जोखण्याच्या या सवयीला आपण 'निकालाचा पूर्वग्रह' म्हणू.

यावर कुणी म्हणेल, "निकाल नाही बघायचा तर बघायचं काय?" निकाल बघायचाच, पण एका निकालाचं वजन किती हे आधी ठरवायचं. समजा (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेते) पिचर बदलला तर जिंकण्याची शक्यता ६० टक्के आणि ठेवला तर ५७ टक्के. म्हणजे बदलणं हा बरोबर निर्णय. तरी शंभरातले चाळीस सामने तुम्ही हरणारच! आणि हा तीन टक्क्यांचा फरक नुसत्या हार-जितीवरून पकडायचा असेल तर? नमुन्याच्या आकाराचं नेहमीचं गणित लावा: ५ टक्के सार्थकता पातळी, ८० टक्के पॉवर. दोन्ही बाजूंना चार हजारांहून जास्त सामने लागतात. मॅनेजरच्या अख्ख्या कारकिर्दीत प्लेऑफ्समधले असे प्रसंग तेवढे येत नाहीत. त्यामुळे एका रात्रीवरून "बघा, मी म्हणत नव्हतो?" या वाक्याला संख्याशास्त्रात जवळजवळ किंमत नाही.

मग कॅश बरोबर होता का?

इथे बरेच जण घाईने दुसऱ्या टोकाला जातात: "डेटा तसं सांगत होता, म्हणजे निर्णय बरोबर." मला हेही पटत नाही. विचारायला हवं, कुठला डेटा?

कॅशच्या बाजूचा मुद्दा असा की एकाच सामन्यात बॅटर त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा आले की सरासरी चांगलं खेळतात. टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन यांच्या 'द बुक'ने हा मुद्दा गाजवला. हे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत टिकतं कोण? बहुधा चांगले किंवा त्या दिवशी लयीत असलेले पिचर. बाकीच्यांना आधीच काढलेलं असतं. म्हणून फेऱ्यांच्या नुसत्या सरासरींची तुलना केली तर फसगत होते. पिचर आणि बॅटर दोघांची मूळ पात्रता हिशेबात धरावी लागते. उरलेल्यांनाच मोजण्याची ही चूक तुमच्या प्रबंधातही डोकावेल. सर्वेक्षणाच्या शेवटपर्यंत टिकलेले लोक, जगलेली रोपं, न तुटलेले नमुने, सगळीकडे हाच घोळ.

२०२३ मध्ये रायन ब्रिल, समीर देशपांडे आणि अब्राहम वायनर यांनी हाच प्रश्न बेझियन पद्धतीने पुन्हा तपासला. त्यांना तिसऱ्या फेरीच्या उंबरठ्यावर मोठी उडी असल्याचा ठोस पुरावा दिसला नाही; पिचर सामनाभर हळूहळू उतरत जातो, असं चित्र निघालं. म्हणजे 'तिसरी फेरी आली, काढा' हा नियम वाटतो तितका पक्का नाही.

आणि कॅशसमोर त्या क्षणी आणखीही माहिती होती. डॉजर्सचे पहिले तीन बॅटर त्या रात्री स्नेलसमोर सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. उलट अँडरसन नियमित हंगामात जबरदस्त होता, पण प्लेऑफ्समध्ये जवळपास रोज धावा देत होता. सहा वेळांचा पुरावा तसा लहानच, अँडरसनच्या मोजक्या सामन्यांचाही लहानच. तरी दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. माझं मत विचाराल तर निर्णय वाईट नव्हता, पण 'डेटाने सिद्ध' असाही नव्हता. आणि स्कोअर उलटा लागला असता तरी मी हेच लिहायला हवं. माझ्या मताची खरी परीक्षा तीच.

अंपायरची एक चूक आणि पंधरा लाख चेंडू

आता अंपायर. १९८५ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. सेंट लुईस कार्डिनल्स मालिकेत ३-२ ने आणि सामन्यात १-० ने पुढे. शेवटच्या इनिंगमध्ये अंपायर डॉन डेंकिंजरने कॅन्सस सिटी रॉयल्सच्या होर्हे ओर्ताला पहिल्या बेसवर सेफ दिलं. रिप्लेमध्ये तो स्पष्ट बाद होता. रॉयल्स २-१ ने जिंकले. डेंकिंजरला धमक्यांची पत्रं आली, तीही पुढे दीर्घकाळ. पण त्याच इनिंगमध्ये कार्डिनल्सनी एक सोपा झेल सोडला होता, कॅचरच्या हातून चेंडू सुटला होता, आणि सातवा सामना ते ०-११ असा हरले. हे सगळं एका माणसाच्या नावावर जमा झालं.

एका चुकीवरून माणसाला शिव्या घालता येतात, पण अंपायर का चुकतात हे कळत नाही. त्यासाठी डॅनियल चेन, टोबियस मोस्कोविट्झ आणि केली श्यू यांचा २०१६ चा पेपर वाचा. कॅमेऱ्यांनी नोंदवलेल्या सुमारे १५ लाख चेंडूंवरून त्यांनी विचारलं: आधीच्या चेंडूला स्ट्राइक दिला असेल तर पुढच्याला स्ट्राइक मिळण्याची शक्यता बदलते का? इथे मेख अशी की स्ट्राइकनंतर पिचर मुद्दाम वेगळ्या जागी टाकत असेल. म्हणून त्यांनी चेंडूची नेमकी जागा धरून तुलना केली. उत्तर आलं: शक्यता सुमारे १.५ टक्के बिंदूंनी घटते, आणि सीमेवरच्या चेंडूंना त्याहून बरीच जास्त. नाणं सलग दोनदा छापा पडलं की आता काटाच पडणार असं आपल्याला वाटतं ना, तोच भ्रम.

त्याच पेपरमध्ये अमेरिकेतल्या आश्रय-अर्जांवर निकाल देणारे न्यायाधीश आणि भारतातले बँकांचे कर्ज-अधिकारी यांच्यातही हा कल दिसला. म्हणजे प्रश्न फक्त अंपायरचा नाही, ओळीने निर्णय देणाऱ्या कुणाचाही आहे. उत्तरपत्रिका तपासणारे आपण त्यात आलोच. उपाय म्हणून मेजर लीगने २०२६ च्या हंगामापासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला मशीनकडे आव्हान द्यायची सोय आणली, आपल्या डीआरएससारखी.

आता माझी गोष्ट

दुसऱ्या वर्षी प्राथमिक प्रयोगाचे आकडे बघून मी एक पद्धत सोडून दिली. वर्षभराने दुसऱ्या एका गटाने त्याच पद्धतीने छान काम छापलं. लॅबमध्ये सगळे म्हणाले, "अगं, सोडायला नको होतीस." मीही रडले. मग जुनी वही काढली. माझा निर्णय खरंच चुकला होता का, हे मला बघायचं होतं. वहीत लिहिलं होतं: 'पद्धत बंद. दुसरी सुरू.' बस्स. का बंद केली, काय माहीत होतं, पर्याय कुठले होते, काही नाही. त्यामुळे माझा निर्णय कसा होता, हे आज मलाही सांगता येत नाही. माझ्याकडे फक्त निकाल उरलाय.

तेव्हापासून मोठा निर्णय घेतला की त्याच दिवशी पाच ओळी लिहिते: तारीख; आत्ता काय माहीत आहे; पर्याय कोणते; यश येण्याची शक्यता किती वाटते, आकड्यात; आणि काय दिसलं तर मी मत बदलेन. मार्गदर्शकांशी बोलणं झालं की त्यांचं म्हणणंही त्याखाली. पाचवी ओळ लिहायला सगळ्यात जड जाते, पण तीच सगळ्यात उपयोगी पडते.

त्या ज्युनिअरला परवा फोन करून उत्तर दुरुस्त केलं. म्हटलं, निकालाची वाट बघू नकोस, आज रात्री पाच ओळी लिही. निकाल चांगला येवो की वाईट, निर्णय कसा होता हे तुला त्या पाच ओळींवरूनच कळेल.