भरपाई आली, पगार गेला?

ऑगस्ट 2024 मध्ये जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले. अशा बातम्या दोन दिवस चालतात. त्यानंतरचा व्यवहार पेपरात येत नाही. ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात येतो, स्टॅम्प पेपर निघतो, आणि कुणीतरी जाणता कानाशी लागून सांगतो, "पैसे रोखच घे. खात्यावर घेतले तर निराधारचा पगार मिळायचा नाही."

हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि त्यातल्या अर्ध्या खऱ्यापायीच माणूस नागवला जातो.

निराधारचा पगार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं अनुदान. ही योजना 1980 पासून चालू आहे. दिव्यांग अर्जदाराला किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, राज्यात 15 वर्षांचा रहिवास लागतो आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असावं लागतं. इतर निराधारांसाठी ही मर्यादा 21,000 आहे. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर 2025 पासून महिना 1,500 वरून 2,500 झालं. म्हणजे वर्षाचे 30,000. रोलिंग मिलमध्ये राबणाऱ्या बिहार-उत्तर प्रदेशच्या कामगारांपैकी ज्यांचा रहिवास 15 वर्षांचा नाही, त्यांच्यासाठी हे दार मुळातच बंद आहे. त्यांना जे मिळायचं ते भरपाईतूनच.

आता अट नीट वाचा. ती उत्पन्नाची आहे, खात्यातल्या शिलकीची नाही. अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथल्या गरीब दिव्यांगांच्या एका प्रमुख मदत योजनेत खात्यात 2,000 डॉलरहून जास्त साठले की मदत थांबते, म्हणून तिथले वकील भरपाईसाठी वेगळा ट्रस्टच करून ठेवतात. आपल्याकडे अपघाताची एकरकमी भरपाई ही गेलेल्या हातापायाची किंमत आहे, वर्षाची कमाई नव्हे. पण तीच रक्कम मुदत ठेवीत टाकली की दर महिन्याला येणारं व्याज हे उत्पन्न ठरतं. मोटार अपघात न्यायाधिकरणं तर पैसे उधळले जाऊ नयेत म्हणून भरपाईचा मोठा हिस्सा स्वतःच ठेवीत गुंतवायला लावतात. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर परिणाम होतो तो या व्याजाचा.

किती होतो, ते मांडून बघू. कामावर असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर भरपाई म्हणजे मासिक पगाराच्या 60 टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. हिशोबासाठी पगार 15,000 धरला आणि वय 30 असेल तर गुणक 207.98. रक्कम येते 18,71,820 रुपये. साडेसहा टक्क्यांनी तिचं वर्षाचं व्याज सव्वा लाखाच्या आसपास. उत्पन्नाची मर्यादा ओलांडली, निराधारचा पगार बंद होऊ शकतो, कबूल. पण 30,000 वाचवायला सव्वा लाख सोडायचे आणि मूळ रक्कमही हातची घालवायची, हा कुठला शहाणपणा?

टक्क्यांचा घोळ मात्र याहून वाईट. भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर 50 टक्के अशी यादी आहे. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला दुसऱ्याच मोजमापाने निघतो. तेव्हा भरपाई मिळाली म्हणून दाखल्यावर 40 टक्के येतीलच असं नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी. दाखल्यावरचा आकडा म्हणजे कमाई तेवढीच बुडाली असं नव्हे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये मान्य केलं. भट्टीवर किंवा उसाच्या फडात राबणाऱ्याने हा निकाल आपल्या वकिलाला आवर्जून सांगावा.

काही ठिकाणी मात्र खरोखरच 'हे किंवा ते' असतं. अंबड-घनसावंगीकडचा ऊसतोड कामगार कामावर जाताना ट्रॅक्टर उलटून जखमी झाला, तर मोटार वाहन कायदा आणि कामगार भरपाईचा कायदा यांतला एकच रस्ता धरता येतो. मोटार दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, पण अपघात कोल्हापुरात झाला तरी दावा जालन्यात लावता येतो. कारखान्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर तिथून दरमहा लाभ मिळतो, मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत एक अवयव गेला तर 1 लाख, दोन गेले तर 2 लाख मिळतात, पण त्याच कारणासाठी दुसऱ्या सरकारी विभागाच्या योजनेतून पैसे घेतले असतील तर अर्ज बाद. स्वतःच्या पैशाने काढलेल्या विम्याचं तसं नाही. खुद्द एसटी महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये सांगितलं, की आयुर्विम्याचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाहीत.

राहिला स्टॅम्प पेपर. 'आपसात मिटवलं' या नावाखाली लाख-दीड लाखावर अंगठा घेतला जातो, पण हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्याला मान्य नाही. भरपाईची तडजोड सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. न नोंदवलेल्या कागदाने मालकाची जबाबदारी संपत नाही. कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी हा गाभा तोच आहे. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही बसतो. लोकअदालतीतली तडजोड मात्र पक्की असते. तिच्यावर अपील नाही, तेव्हा तिथे सही करण्याआधी वरचा गुणाकार स्वतः करून बघा.

भरपाई खात्यावरच घ्या, कागदावरच घ्या. निराधारचा पगार चालू असेल तर व्याज तहसीलला लपवू नका; पुढे वसुलीची नोटीस आली तर ते जास्त महागात पडेल. वकिलाची फी परवडत नाही हे कारण तर मुळीच नको. दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी जालन्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक 15100.