अलर्ट आला, पण कोणाच्या मोबाइलवर?



आज तीन प्रश्न. तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा बॅकअप काल रात्री झाला का? "होतो की, आपोआप होतो," हे उत्तर जिंतूरपासून सोनपेठपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं. बरं, झाला नसता तर तुम्हाला कसं कळलं असतं? इथे माणूस जरा थांबतो. आणि कळल्यावर पहिलं काम काय करायचं, फोन कोणाला लावायचा, हे कुठे लिहिलेलं आहे का? लिहिलेलं असेल तर ते आजच्या तारखेला खरं आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांवर या आठवड्याचा व्हिडिओ आहे. तिसरा मुद्दाम लेखासाठी ठेवला, कारण हे काम बघून होत नाही, हातात पेन घेऊनच होतं.

मॉनिटरिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हिंजवडीतली काचेची बिल्डिंग आणि भिंतभर स्क्रीन येतात. पण तुमच्याकडेही ते चालूच आहे, फक्त आपण त्याला नाव दिलेलं नाही. टॅलीचा बॅकअप झाला की येणारा मेल, डिस्क भरत आली की स्क्रीनवर येणारी पिवळी पट्टी, कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची पीं-पीं, यूपीएसचा आवाज, जीएसटी पोर्टलवरून येणारा मेसेज, हे सगळं मॉनिटरिंगच. यंत्र तुम्हाला काहीतरी सांगतंय. प्रश्न एवढाच, की ते ऐकणाऱ्या माणसाला पुढे काय करायचं हे माहीत आहे का.

समजा, मानवतला तुमचं जिनिंग आहे. दिवाळीच्या आगेमागे सीझन सुरू होतो आणि गेटवर कापसाच्या गाड्या लागतात. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन कॉम्प्युटरमध्ये जातं, गाडी रिकामी झाली की पुन्हा वजन, आणि निव्वळ वजनाची पावती निघते. काट्याच्या डिस्प्लेपासून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर असते, आणि वजन कुठल्या पोर्टवरून वाचायचं हे सॉफ्टवेअरला सांगून ठेवावं लागतं. तीन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरवाल्याने ते सेटिंग करून दिलं आणि मुनीमजींनी कागदावर लिहून ठेवलं : "वजन दिसत नसेल तर पोर्ट कॉम ३ आहे का बघा." कागद काट्याच्या खोलीत चिकटवला. शाबास, इथपर्यंत सगळं बरोबर.

मग उन्हाळ्यात कॉम्प्युटर बदलला. नव्या मशीनवर तो पोर्ट कॉम ५ झाला. कागद मात्र भिंतीवर तसाच. आता सीझनमध्ये एका रात्री साडेनऊला वजन दिसायचं बंद होतं. बाहेर पंधरा गाड्या, शेतकरी वैतागलेले, ड्युटीवर दोन आठवड्यांपूर्वी लागलेला पोरगा. पोरगा हुशार आहे, कागद वाचतो. सेटिंगमध्ये ५ दिसतो, कागदावर ३ आहे, म्हणून तो ३ करतो. खरं तर झालं काय होतं? वायर ढिली झाली होती. आता ती घट्ट बसवली तरी वजन येणार नाही, कारण सेटिंगही बिघडलं. एका बिघाडाचे दोन झाले, आणि दुसरा तुमच्या कागदाने केला.

कागद नसताच तर त्याने वायर हलवून पाहिली असती, नाहीतर तुम्हाला फोन लावला असता. कागद होता म्हणून त्याने विश्वास ठेवला. जुनी सूचना नसलेल्या सूचनेपेक्षा जास्त महाग पडते ती अशी. आणि नुकसान होतं ते सगळ्यात नव्या, सगळ्यात प्रामाणिक माणसाच्या हातून. जुना माणूस कागदाकडे बघतच नाही, त्याला माहीत असतं की तो खोटा आहे.

गंमत बघा, त्याच काट्याची दर वर्षी पडताळणी होते. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का आणि प्रमाणपत्र नसेल तर काटा चालवता येत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याला ते दरसाल लागतं. लोखंडाचं वर्षाला तपासतो. पण त्या काट्याचं वजन वाचणारं सॉफ्टवेअर, आणि ते बंद पडलं तर काय करायचं हे सांगणारा कागद, याची पडताळणी कोणी करत नाही.

तुम्ही म्हणाल, आपलं छोटं काम, मोठ्या कंपन्यांत असं होत नसेल. होतं. गिटलॅब नावाची कंपनी आहे, जगभरातले सॉफ्टवेअर बनवणारे लोक आपलं काम तिथे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरने, रात्री उशिरा, थकलेला असताना, चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला सुरुवात केली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीमधला बहुतेक डेटा गेला होता. ठीक आहे, बॅकअप आहेत की! बघायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण डेटाबेसची आवृत्ती एक आणि बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची दुसरी. बॅकअप जिथे साठायचा ती जागा रिकामी. मग बॅकअप फसतोय हे सांगणारे मेल? ते पाठवले जात होते, पण मेलच्या सेटिंगमध्ये एक गोष्ट राहिल्यामुळे समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. अलर्ट वाजत होता, ऐकू कोणालाच येत नव्हता.

शेवटी त्याच इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून कंपनी वाचली. तरी त्या सहा तासांतल्या जवळपास ५,००० प्रोजेक्टच्या नोंदी आणि सुमारे ७०० नव्या वापरकर्त्यांची खाती गेली ती गेलीच. दुरुस्ती चालू असताना त्यांनी ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि आपली टिपणं उघडी ठेवली, हे मला फार आवडलं. त्या टिपणांत त्यांनी स्वतःच कबूल केलंय की डेटाबेसची दुसरी प्रत चालू ठेवायची पद्धत नीट लिहून ठेवलेली नव्हती.

यातली मेलची गोष्ट आपल्यासाठी सोन्यासारखी आहे. "काही बिघडलं तर मेसेज येईल" या भरवशावर बसलात, तर मेसेज न येणं म्हणजे सगळं ठीक आहे असं तुम्ही धरून चालता. पण मेसेज न येण्याचं दुसरं कारण मेसेजचीच व्यवस्था मेली, हेही असतं. म्हणून उलटं करा. "बॅकअप झाला" हा मेसेज रोज यायलाच हवा अशी सोय करा, आणि वहीत लिहा : "सकाळी दहापर्यंत मेसेज नाही आला, तर तोच अलर्ट." रोज एकदा टिक करायला दहा सेकंद लागतात.

आता मोबाइल नंबर. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. डीव्हीआरचा अलर्ट ज्या पोराच्या नंबरवर लावला, तो पुण्याला कामाला गेला. जीएसटीच्या नोंदणीत मोबाइल आणि ईमेल जुन्या कर सल्लागाराचा. बँकेत धाकट्या भावाचा, आणि आता दोघांच्या वाटण्या झालेल्या. सॉफ्टवेअरचं लायसन्स ज्या ईमेलवर, त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. जीएसटीची नोटीस पोर्टलवर येऊन पडते, उत्तराची मुदत निघून जाते, आणि तुमच्यापर्यंत गोष्ट येते ती थेट मागणीच्या आदेशाच्या रूपात.

आणि जुना नंबर नुसता बंद पडून राहत नाही. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही तर ते बंद होऊ शकतं, आणि काही काळाने तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देते. म्हणजे तुमचे अलर्ट, कधीकधी तुमचे ओटीपीसुद्धा, अनोळखी माणसाच्या खिशात वाजणार. हा धोका एवढा खरा आहे की १ एप्रिल २०२५ पासून यूपीआयसाठी बँकांना आणि पेमेंट अॅपवाल्यांना बंद झालेल्या आणि फिरून दिलेल्या नंबरांची यादी तपासत राहावी लागते. बँक तिची यादी तपासेल. तुमच्या डीव्हीआरची आणि बॅकअपच्या मेसेजची यादी कोण तपासणार?

मग हे ताजं ठेवायचं कसं? त्यासाठी पूर्णा जंक्शनला जाऊ. रेल्वेत प्रत्येक स्टेशनचे स्वतःचे लिखित नियम असतात, स्टेशन वर्किंग रूल्स. त्या स्टेशनात रुळ कसे, सिग्नल कसे, बिघाड झाला तर गाडी कशी घ्यायची, हे त्यात. काही बदललं की शुद्धिपत्रक निघतं. आणि स्टेशनवर काम करणाऱ्याला एका रजिस्टरमध्ये सही करावी लागते की मी हे वाचलं, मला समजलं. नवा माणूस आला, नियम बदलले, कोणी बरेच दिवस रजेवर राहून आला, की पुन्हा वाचन, पुन्हा सही. गाडी वेळेवर येते की नाही तो वेगळा विषय, पण "मला कोणी सांगितलंच नाही" हे वाक्य तिथे चालत नाही.

आपल्याला एवढा पसारा नको. एक जाड वही घ्या. एका गोष्टीला एक पान : बॅकअपचं एक, काट्याच्या सॉफ्टवेअरचं एक, डीव्हीआरचं एक, नेटचं एक. पानावर लिहा की सगळं ठीक असतं तेव्हा काय दिसतं, बिघडलं तर कोणता मेसेज येतो आणि कोणाच्या नंबरवर, पहिलं काय करून पाहायचं, नाही जमलं तर फोन कोणाला. "ठीक असतं तेव्हा काय दिसतं" हे लोक हमखास विसरतात. डिस्कमध्ये ४० जीबी मोकळी आहे हे चांगलं की वाईट, हे नव्या पोराला कसं कळणार? आणि पानाच्या खाली तारीख आणि सही. तारीख नसलेलं पान भिंतीवरच्या त्या कॉम ३ च्या कागदासारखंच.

पासवर्ड वहीत लिहायचे नाहीत. ते कोणाकडे आहेत एवढंच लिहा.

वहीच का, गूगल शीट का नाही? शीटही ठेवा, पण लाईट गेलेली आणि नेट बंद असताना उघडता येईल असं काहीतरी हाताशी हवंच. पानाचा फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची सवय मात्र सोडा. वहीतलं पान दुरुस्त होतं, फोटो दुरुस्त होत नाही, आणि दोन वर्षांनी कोणीतरी तोच जुना फोटो शोधून काढतं.

दुरुस्ती कधी करायची याला महिन्याची तारीख लावू नका, ती पाळली जात नाही. प्रसंगाला बांधा. माणूस सोडून गेला, की त्याचा शेवटचा पगार द्यायच्या आधी वही उघडायची आणि त्याचा नंबर कुठे कुठे आहे ते बघून बदलायचा. मशीन बदललं, नेट बदललं, लायसन्स वाढवलं, की पान. सॉफ्टवेअरवाल्याचं बिल तर पान दुरुस्त झाल्याशिवाय द्यायचंच नाही. "दादा, जे बदललंत ते इथे लिहा, मग चहा." कोणी रागावत नाही. आणि अलर्ट येऊन गेला की, निस्तरून झाल्या झाल्या, त्याच माणसाने वहीत बघायचं : इथे लिहिलेलं कामाला आलं का? जे चुकीचं होतं त्यावर एक आडवी रेघ, बाजूला नवं. व्हाइटनर नको. जुनं वाचता आलं पाहिजे, चोपडीसारखं.

एवढं करूनही पान बरोबर आहे की नाही, हे वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत एनएसईचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले. टेलिकॉमच्या लाइनमध्ये बिघाड हे कारण एक्स्चेंजने सांगितलं. अशा वेळेसाठी पर्यायी केंद्र होतं, पण त्या दिवशी काम तिकडे हलवलं गेलं नाही आणि बाजार पुन्हा सुरू झाला तो दुपारी पावणेचारला. पुढच्याच महिन्यात सेबीने यावरचे नियम कडक केले. आणि २ मार्च २०२४ ला, शनिवार असूनही, बाजार मुद्दाम उघडला गेला : आधी थोडा वेळ नेहमीच्या केंद्रावरून, मग पर्यायी केंद्रावरून. खरे सौदे, खरे पैसे.

तुम्हालाही हे करता येतं, फुकटात. सीझनच्या आधी एखाद्या निवांत दुपारी काट्याची वायर स्वतः काढा आणि सगळ्यात नव्या माणसाच्या हातात वही द्या. तुम्ही हात मागे बांधून उभे राहा, बोलायचं नाही. तो जिथे अडेल, जे विचारेल, ते त्याच्याच हाताने त्या पानावर लिहून घ्या. बॅकअपचंही तसंच, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडून दाखवायला सांगा. पहिल्या वेळी अर्धा तास जाईल आणि पान रेघोट्यांनी भरेल.

दिवस आठवायला सोपा हवा असेल तर खंडेनवमी धरा. त्या दिवशी काट्याला, मशीनला, कॉम्प्युटरला हार घालताच. पूजेला वहीही ठेवा, आणि नारळ फोडून झाला की प्रत्येक पानावरच्या नंबरला एकेक मिस कॉल द्या. जो लागला नाही, त्याच्यावर आडवी रेघ.